त्या माणसाचं काय झालं असेल?

आजचा शास्त्रभाग: लूक १३:२२-३०
सोबत वाचा: लूक २३:३९-४३



लूकच्या शुभवर्तमानात आपण क्रमाने पुढे चाललो आहोत. खरं तर आजचा भाग मी दोन दिवसांपूर्वीच लिहायला हवा होता. दोनदा लॅपटॉप उघडला आणि बंद केला. परवा रविवारी उपासनेनंतर आमच्या तरुण संघातला एक मुलगा माझ्याजवळ आला. त्याचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेले, दारूने गेले. दफनाच्या वेळी मागे उभं राहून कुणीतरी कुजबुजलं, 'आता हा कुठं गेला असणार, सांगायला नको.' ते त्याच्या कानावर पडलं. त्याने मला एवढंच विचारलं, "दादा, बाबांचं काय झालं असेल?" हे लिहिण्याआधी मी त्याला विचारलं आहे, तो 'लिहा' म्हणाला.

आता शास्त्रभागाकडे. येशू गावोगावी शिकवत यरुशलेमेकडे चालला आहे. वाटेत कुणीतरी त्याला विचारतो की तारण होणारे लोक थोडेच आहेत का. त्या माणसाचं नाव लूक देत नाही. प्रश्न आकड्याचा आहे, आणि विचारणाऱ्याचा आवाज मला तरी ओळखीचा वाटतो. आपण त्या थोड्यांत आहोत याची त्याला आधीच खात्री असावी. बाकीचे किती बाहेर राहणार, एवढंच त्याला जाणून घ्यायचं आहे. येशू आकडा सांगत नाही. थोडे म्हणत नाही, पुष्कळ म्हणत नाही. तो बोट वळवतो ते विचारणाऱ्याकडेच, की दार अरुंद आहे आणि आत जायला तुम्ही स्वतः झटायचं आहे. शिवाय पुढे बजावतो की दार बंद झाल्यावर बाहेर उभे राहून 'आम्ही तुझ्याबरोबर जेवलो होतो' असं सांगणारेही असतील. म्हणजे ओळखीचे, आतले वाटणारे.

इथे 'झटणे' यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो आखाड्यातला आहे. मल्ल मैदानात उतरून जी झुंज देतो, तिच्यासाठी वापरला जाणारा. कोल्हापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. खासबागच्या मैदानात वर पायऱ्यांवर बसून 'हा चितपट होणार बघ' असं सांगणारे हजारो असतात. लाल मातीत उतरलेले फक्त दोघे असतात. येशू त्या माणसाला पायरीवरून उठवून मातीत उतरवतो, असं मी या वचनाचं चित्र डोळ्यांसमोर आणतो.

मी स्वतः त्या पायरीवर बरीच वर्षं बसलो होतो.

माझा मामा उद्यमनगरात एका फाउंड्रीत कामाला होता. हात सोन्याचा, पगार झाला की पाय दारूच्या दुकानाकडे. चर्चमध्ये नाताळला यायचा, तोही मागच्या बाकावर, अर्धी उपासना झाल्यावर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. जुलै महिना होता, पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर आलेलं, कबरीचा खड्डा खणताना पाणी उपसावं लागलं होतं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, बायबल अभ्यासाचे वर्ग नुकतेच पूर्ण केलेले. वचनं तोंडपाठ, अध्याय आणि ओवी क्रमांकासकट. दफनानंतर चौथ्या दिवशी आज्जी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शेवटच्या रातीला त्यानं माझा हात धरला हुता रं. सोडंना झाला." मग थोड्या वेळाने, "तू शिकलायस. कुठं गेला असंल त्यो?"

मी सांगितलं. "आज्जी, बायबल या बाबतीत स्पष्ट आहे," असं म्हणून मी सुरुवात केली आणि पाच-सहा वचनं एकापाठोपाठ एक सांगितली. त्यातलं एकही चुकीचं नव्हतं. आज्जी काही बोलली नाही. सूप पुढे ओढलं आणि तांदूळ निवडत राहिली.

त्या आधी आज्जी रोज रात्री मोठ्याने प्रार्थना करायची. मुलांची, सुनांची, नातवंडांची नावं ठरलेल्या क्रमाने यायची, मामाचं नाव तिसरं. तो गेल्यावरही ते तीन दिवस आलं. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, हे आपल्या मंडळीत शिकवतात, पण ते तिला कुणी सांगायला गेलं नव्हतं. माझ्या उत्तरानंतर ते नाव आलं नाही. दुसऱ्या नावानंतर ती थांबायची, नाव उच्चारायला जितका वेळ लागतो तितकाच, आणि मग चौथं नाव घ्यायची. आणखी सहा वर्षं ती जगली. सहा वर्षं मी ती शांतता ऐकली, आणि एकदाही त्यावर बोललो नाही.

आता मी जे सांगणार आहे ते बायबलमधलं नाही, एका कवितेतलं आहे. काहींना वाटेल, दैनिक मननात हे कशाला? थोडा धीर धरा. आपल्याला आत्म्याच्या प्रवासाची रूपकं नवी नाहीत. बनियनच्या पुस्तकाचं मराठी भाषांतर हरि केशवजींनी १८४१ सालीच केलं होतं, 'यात्रिक क्रमण' नावाने. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राशोलला छापलं गेलं. पण बनियनच्या साडेतीनशे वर्षं आधीची एक मोठी कविता आहे, इटलीतल्या दान्तेची 'डिव्हाइन कॉमेडी'. नाव ऐकलेले पुष्कळ, वाचलेले कमी. मीही त्यातलाच.

या कवितेचा आपल्याशी एक जुना संबंधही आहे. मुंबईत फोर्टला एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल आहे, त्या रुंद पायऱ्यांवर तुमच्यापैकी अनेकांनी फोटो काढले असतील. त्या इमारतीत दान्तेच्या या काव्याचं चौदाव्या शतकातलं एक हस्तलिखित जपून ठेवलेलं आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, तेच एल्फिन्स्टन कॉलेजवाले, यांनी ते सोसायटीला दिलं. १९३०च्या सुमारास मुसोलिनीच्या सरकारने ते परत मिळवण्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने नाही म्हटलं, असं सांगितलं जातं. नोकरीच्या ट्रेनिंगसाठी मुंबईत होतो तेव्हा मित्राने त्या पायऱ्यांवर बसून मला हे ऐकवलं. हस्तलिखित काही मी पाहिलं नाही. पण महालक्ष्मी एक्सप्रेसने परत येताना ठरवलं की इंग्रजीतून का होईना, वाचायचं. शंभर सर्ग आहेत. रोज सकाळी एक, कामावर जाण्याआधी.

दान्तेचा जन्म १२६५चा, फ्लोरेन्स शहरातला. आपल्याकडे ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली. म्हणजे संस्कृत सोडून मराठीत देवाविषयी बोलणारे ज्ञानेश्वर आणि लॅटिन सोडून बायाबापड्यांच्या इटालियनमध्ये लिहिणारा दान्ते हे एकाच काळातले. दान्ते राजकारणात होता, आणि त्याचा पक्ष हरला. १३०२ मध्ये त्याला शहरातून हद्दपार केलं, परत सापडला तर जाळायचं अशी शिक्षाही ठोठावली. तो पुन्हा कधीच घरी गेला नाही. १३२१ मध्ये रावेन्नाला परक्या छपराखाली मेला. हे सगळं काव्य त्या हद्दपारीत लिहिलेलं आहे.

कथा थोडक्यात अशी. १३०० सालच्या उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री दान्ते एका रानात वाट चुकतो. जुना रोमन कवी व्हर्जिल त्याला न्यायला येतो. दोघे नरकात उतरतात, पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे शुद्धिस्थानाच्या डोंगराशी बाहेर पडतात, तो डोंगर चढतात आणि पुढे बिआत्रिचे नावाची, त्याने लहानपणापासून जिच्यावर प्रेम केलं ती स्त्री त्याला स्वर्गात नेते. शुद्धिस्थान म्हणजे तारण झालेल्या आत्म्यांची शुद्धी होण्याची जागा. ही रोमन कॅथलिक शिकवण आहे, आपल्या मंडळीची नाही, हे मी आधीच सांगतो. दान्ते तिकडे जाऊन नकाशा घेऊन आलेला नाही. मी ती कविता म्हणून वाचली, तुम्हीही तशीच ऐका.

नरकाचा भाग वाचताना पहिले काही दिवस मला फार आवडला, हे कबूल करतो. कारण दान्ते नावं घेतो! मोघम 'पापी लोक' म्हणत नाही. हा अमुक घराण्यातला, हा माझ्या गल्लीतला, हा माझा गुरू. पोप लोकांनाही सोडत नाही. एक पोप खडकातल्या भोकात डोकं खाली पाय वर असा रोवलेला आहे, तळपायांवर ज्वाळा नाचताहेत. दान्तेची चाहूल लागताच त्याला वाटतं की पोप बोनिफास आठवे आले, माझ्या जागी रोवून घ्यायला. कथेतल्या त्या दिवशी बोनिफास जिवंत होते! म्हणजे जिवंत माणसाचं नरकातलं रिझर्व्हेशन दान्तेने बर्थ नंबरसकट करून टाकलेलं. दान्तेच्या हद्दपारीत याच बोनिफासांचा हात होता, हे कळल्यावर हसू येतं. मला वाटलं, हा आपल्यासारखाच आहे. यालाही सगळं स्पष्ट आहे.

मग सत्ताविसाव्या सर्गात ग्विदो भेटला.

ग्विदो दा मोन्तेफेल्त्रो हा त्या काळचा नामांकित सेनापती. सिंहापेक्षा कोल्ह्याच्या जातीचा, डावपेचात हयात घालवलेला. म्हातारपणी त्याला उपरती झाली. त्याने तलवार ठेवली, दोरीचा कमरपट्टा बांधला आणि फ्रान्सिस्कन साधू झाला. लोकांनी वाहवा केली. दान्तेने स्वतः आधीच्या एका ग्रंथात त्याची वाखाणणी केली होती. पण या काव्यात तो नरकात आहे, एका ज्वाळेच्या आत गुंडाळलेला, ज्वाळेच्या टोकातून बोलणारा.

का? पोप बोनिफास यांना आपल्या विरोधकांचा एक किल्ला घ्यायचा होता. ते या साधूकडे सल्ला मागायला आले. ग्विदो गप्प राहिला. तेव्हा पोप म्हणाले, घाबरू नको, तुझ्या या पापाची क्षमा मी आत्ताच देऊन टाकतो, तू फक्त युक्ती सांग. ग्विदोने हिशोब केला. क्षमा तर खिशात आलेलीच आहे. मग त्याने सल्ला दिला की वचनं भरपूर द्या, पाळू मात्र नका. पुढे तो मेला तेव्हा संत फ्रान्सिस त्याला न्यायला आले. पण एक काळा दूत आडवा आला. त्याचा मुद्दा साधा होता: जो पश्चात्ताप करत नाही त्याला क्षमा लागू होत नाही, आणि एखादी गोष्ट करायची इच्छा आणि तिचा पश्चात्ताप एकाच वेळी मनात राहू शकत नाहीत. मग ग्विदोला टोमणाही मारला की मला तर्कशास्त्र येतं, हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं वाटतं.

त्या दिवशी कामावर माझं लक्ष लागलं नाही. साधूचा झगा, दोरीचा पट्टा, पोपच्या तोंडची क्षमा, सगळं होतं. बाहेरून बघणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, हा स्वर्गात जाणार. आजच्या शास्त्रभागातले दाराबाहेर उभे राहून जेवणाची आठवण करून देणारे लोक मला आठवले. पण खरं सांगू का, मी अजूनही पायरीवरच होतो. मला वाटलं, बरोबर, ढोंगी साधूंची हीच गत व्हायला हवी.

मला मातीत उतरवलं ते त्याच्या मुलाने. तो भेटला पुढे, शुद्धिस्थानाच्या पाचव्या सर्गात.

मुलाचं नाव बुओनकोन्ते. बापासारखाच योद्धा, पण साधूबिधू कधी झाला नाही. ११ जून १२८९ रोजी काम्पाल्दिनोच्या मैदानावर फ्लोरेन्स आणि आरेत्सो या शहरांची लढाई झाली. बुओनकोन्ते आरेत्सोच्या बाजूने लढत होता, तिथे पडला, आणि त्याचं प्रेत कधीच सापडलं नाही. आता हे लक्षात घ्या: दान्तेचे जुने चरित्रकार सांगतात की चोवीस वर्षांचा दान्ते त्याच लढाईत फ्लोरेन्सच्या घोडदळात होता. म्हणजे हा समोरच्या फळीतला शत्रू.

काव्यात दान्ते त्याला विचारतो, तुला मैदानापासून इतकं दूर कोणी नेलं, की तुझी कबरसुद्धा कुणाला माहीत नाही? आणि बुओनकोन्ते सांगतो. गळ्यात घाव लागलेला, पायी पळत, रक्ताचा माग सोडत तो एका ओढ्यापर्यंत आला, आर्कियानो आर्नो नदीला मिळतो तिथे. दृष्टी गेली, वाचा गेली. शेवटचा शब्द तोंडातून निघाला तो मरीयेचं नाव. (आपल्यातले काही इथे अडखळतील. मीही अडखळलो. पुढे चला.) हातांचा छातीवर क्रूस केला आणि पडला. देवाचा दूत त्याला घेऊन निघाला तेव्हा सैतानाचा दूत मागून ओरडला, हे काय, एका इवल्याशा अश्रूसाठी तू याला माझ्याकडून हिसकावतोस? आत्मा हातचा गेला म्हणून त्याने रागाने देहाचा सूड घेतला. डोंगरावर ढग आणले, पाऊस पाडला, ओढ्याला पूर आणला. त्या पुराने प्रेत वाहून नेलं, छातीवरचा हातांचा क्रूस सुटला, आणि नदीने त्याला तळाशी गाळाखाली पुरलं.

हे वाचताना मला पंचगंगेचं ते गढूळ पाणी दिसलं. कबरीतून बादलीने पाणी उपसणारी दोन माणसं दिसली. आणि दहा वर्षं कानावरून गेलेलं वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. शेवटच्या रातीला त्यानं माझा हात धरला हुता रं. सोडंना झाला.

आज्जीने प्रश्न विचारण्याआधी मला तिची साक्ष दिली होती. ती त्या पलंगाशेजारी होती, मी नव्हतो. मी वचनं आठवण्यात गुंतलो होतो, त्यामुळे साक्षीदार काय सांगतोय ते ऐकलंच नाही.

मामा त्या रात्री मनात काय म्हणाला, मला माहीत नाही. आईचा हात धरणं म्हणजे पश्चात्ताप, असं मी म्हणणार नाही. तो वेदनेनेही धरला असेल. मुद्दा वेगळा आहे. बुओनकोन्तेच्या त्या शेवटच्या क्षणाला ओढ्याकाठी एकही माणूस हजर नव्हता. त्याच्या घरच्यांना ते कळलं नाही. त्याच्या बायकोला आता माझी पर्वा नाही, म्हणून मी इथे मान खाली घालून चालतो, असं तो सांगतो. जगाच्या दृष्टीने तो पापी शिपाई, बेवारस मेलेला. बाप मात्र झग्यात, विधीपूर्वक. आणि दान्तेने दोघांना नेमकं उलट ठेवलं. शत्रूला तारलं. ज्याची स्वतः वाखाणणी केली होती, त्याला ज्वाळेत घातलं. दान्तेचा निवाडा खरा आहे असं मी म्हणत नाही, त्यालाही ते ठरवायचा अधिकार नव्हता. पण जो माणूस पोपचं रिझर्व्हेशन करून मोकळा होतो, त्याने शत्रूच्या बाबतीत मात्र ओढ्याकाठच्या अंधाराची जागा मोकळी सोडली. मी माझ्या मामाच्या बाबतीत ती सोडली नव्हती.

वधस्तंभावरचा चोर आठवा. त्या दिवशी तो कसा मेला, हे त्याच्या आईला गावाकडे कुणी सांगितलं असेल? शिक्षा झाली, खिळले, मेला, एवढंच. त्याचं बोलणं आपल्याला कळलं ते केवळ योगायोगाने शेजारच्या वधस्तंभावर येशू होता म्हणून, आणि लूकने ते लिहून ठेवलं म्हणून. ते लिहिलं गेलं नसतं तरी तो सुखलोकात गेलाच असता. मंडळीच्या नोंदवहीत मात्र तो कायम चोरच राहिला असता.

इथे कुणी म्हणेल, मग सोपं आहे की! जगायचं तसं जगू, शेवटी एक अश्रू ढाळू. मला स्वतःला हा विचार आला होता, म्हणून सांगतो. त्याचं उत्तर बाप आहे. ग्विदोने नेमका हाच व्यवहार केला होता, क्षमा आधी आणि पाप नंतर. आगाऊ ठरवून ठेवलेला अश्रू हा अश्रू नसतोच, तो हिशोबाचा भाग असतो. म्हणून दान्तेने बापलेकांना दोन पुस्तकांत वाटून ठेवलं असावं. मुलाची गोष्ट दुसऱ्यांविषयी विचार करताना आठवायची, आणि बापाची स्वतःविषयी. मी आयुष्यभर नेमकं उलटं केलं. मामाला बापाचा नियम लावला आणि स्वतःला मुलाची सवलत दिली.

शुद्धिस्थानाचा डोंगरही एकदा सांगायलाच हवा. तिथे गर्विष्ठ लोक पाठीवर मोठाले धोंडे घेऊन वाकून चालतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, नरकात आणि यात फरक काय? त्रास तर तोच. मग आमच्या पेठेतली तालीम आठवली. तुरुंगात कैदी दगड फोडतो आणि तालमीत पोरगा खांद्यावर ओंडका घेऊन बैठका मारतो. घाम दोघांचाही गळतो. पण पोरगा पहाटे चारला स्वतः उठून आलेला असतो. वस्तादाने बैठका कमी करायला सांगितलं तर त्याला वाईट वाटेल. दान्तेच्या डोंगरावरचे आत्मे तसे आहेत, ते गातात, आणि काम पुरं झाल्याशिवाय त्यांना स्वतःलाच जायचं नसतं. एखादा मोकळा झाला की सगळा डोंगर हादरतो आणि सगळे मिळून देवाचं गौरव गातात. आपला गडी मैदान मारून आला की तालमीत जशी हलगी वाजते तसं. मेल्यानंतर असं काही असतं, हे मला शास्त्रात सापडत नाही. पण येशूचा तो आखाड्यातला शब्द जिवंत माणसांसाठी आहे आणि तालीम आजची आहे, एवढं मला दिसतं. तोच शब्द पौल कलस्सैकरांच्या पत्राच्या शेवटी एपफ्रास नावाच्या माणसासाठी वापरतो: हा तुमच्यासाठी प्रार्थनेत झुंजत असतो, अशा अर्थाने. दुसऱ्याच्या तारणाच्या बाबतीत आपल्याला उतरायला जी माती दिली आहे, ती ही. निकाल द्यायला आपल्याला कुणी पंच नेमलेलं नाही.

तर रविवारी त्या मुलाला मी काय सांगितलं? वचन सांगितलं नाही. त्याला गाडीवर घेतलं आणि आम्ही रंकाळ्यावर जाऊन बसलो. मी विचारलं, "शेवटी बाबांजवळ कोण होतं?" तो म्हणाला, "मीच होतो." मग तासभर तो बोलत होता. वडील दारू न पिता असायचे तेव्हा त्याला सायकलवरून शाळेत सोडायचे, डबल सीट, वाटेत भडंगाची पुडी घेऊन द्यायचे. शेवटच्या आठवड्यात त्यांनी दोनदा पाणी मागितलं आणि एकदा त्याचं नाव चुकून त्याच्या काकाच्या नावाने घेतलं. हा काका बारा वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेलेला. त्याला हे आत्तापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. अंधार पडला, डास चावायला लागले तेव्हा आम्ही उठलो. काकाचा फोन नंबर त्याच्याकडे आहे. तो लावतो म्हणाला, बहुतेक या आठवड्यात. त्यासाठी तुम्हीही प्रार्थना करा.

प्रार्थना: प्रभू येशू, आज्जीच्या प्रार्थनेत दुसऱ्या आणि चौथ्या नावामध्ये जी जागा होती, ती तू रोज ऐकत होतास. तिथलं नाव तुला माहीत आहे. ती जागा मी केली, मला क्षमा कर. त्या मुलाच्या फोनवर पलीकडून कुणीतरी उत्तर देऊ दे. आमेन.

उद्याचा शास्त्रभाग: लूक १३:३१-३५.